पश्चिमेच्या भिंतीला ओल: वॉलपेपर लावावा का?

प्रश्न: डोंबिवलीतील आमच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेत पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि बोट फिरवले की पांढरा लोणा पिठासारखा हाताला लागतो. गणपतीपूर्वी तिथे वॉलपेपर लावावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर १: कृपया लावू नका. वॉलपेपरमागे ओल कोंडते आणि बुरशी धरते.

उत्तर २: लोणा फुटला आहे, म्हणजे पाणी भिंतीतूनच येत असणार, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा, खिडकीच्या चौकटीची सांध आणि पावसाळी पाण्याचा पाइप आधी तपासून घ्या. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराचे नमुना नियम) बाहेरच्या भिंतीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थेने स्वखर्चाने करायची असते, म्हणून चिटणीसांना छायाचित्रांसह लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. आमचे तोंडी सांगण्यातच २ पावसाळे वाया गेले, याचे आजही वाईट वाटते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. अर्ज उद्याच देते. भिंतीला टेकलेले कपाट हलवावे का?

उत्तर १: हो, चार बोटे तरी अंतर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल. रंगकाम मात्र दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण सुकल्यावरच करा.