किकला माईक एकच लावा, तोही आत! लहान खोलीत बाहेरचा माईक नुकसानच करतो

लातूर_रेकॉर्डिस्ट
किक ड्रमला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला, आत एक अन् बाहेर एक असे दोन माईक पाहिजेतच, असा हट्ट हल्ली बरेच ड्रमर धरतात. परदेशातल्या स्टुडिओचे व्हिडिओ बघून हे डोक्यात बसलंय. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या खोल्यांत बाहेरचा माईक लावूच नका. एकच डायनॅमिक, म्हणजे मोठा आवाज सहन करणारा माईक घ्या, आत ठेवा, अन् वाचलेले पैसे चांगल्या स्किनवर, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेल्या पडद्यावर घाला.

कारण आहे खोली. आपले बहुतेक स्टुडिओ म्हणजे राहत्या घरातली १० बाय १२ ची खोली, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. १० फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो. किकचा मूळ सूर बहुतेक वेळा ५० ते ८० हर्ट्झमध्येच असतो. म्हणजे बाहेरच्या माईकात किक कमी, खोलीच जास्त येते. ठोका लांबतो, पुढचा ठोका त्याच्यावर येऊन पडतो, बेस गिटारला जागा उरत नाही. घुमणं इक्यूनं, म्हणजे ठराविक हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करून, काढायला जावं तर किकचा दमच निघून जातो.

आत ड्रमचा थेट आवाजच एवढा मोठा असतो की खोली मागं पडते. बीटर, म्हणजे पेडलचा ठोका देणारा दांडा, लागतो त्या जागेपासून चार बोटांवर माईक धरला की टक्क असा ठोका मिळतो, मागं ओढत आणला की खालचा भरीव आवाज वाढतो. मी पुढच्या स्किनच्या भोकातून आत वीतभर जाऊन थांबतो अन् माईकचं तोंड बीटरच्या जरा बाजूला वळवतो. तळाशी दुमडलेली वाकळ, दोन्ही स्किनना जेमतेम टेकलेली. ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं की डबा आवाज जातो. एवढ्यात काम होतं.

नांदेडचा_ड्रमर
दादा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही. आतला माईक अर्धाच ड्रम ऐकतो. मागच्या स्किनवर ठोका पडतो, आतली हवा पुढच्या स्किनला ढकलते, ती स्किन हलते, मग कुठं ड्रमचा सूर बाहेर पडतो. समोर बसलेला माणूस तेच ऐकतो. आम्ही तासभर पुढची स्किन सुरात आणतो ती कशासाठी, माईक तिच्यापर्यंत आणायचाच नसेल तर?

बाहेर फूटभर अंतरावर कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माईक ठेवा, ड्रमपासून माईकपर्यंत जाड वाकळ पांघरून बोगदा करा, सिंबल आत शिरत नाहीत. लेड झेपलिनचा जॉन बोनहॅम २६ इंची किक वाजवायचा. १९७१ च्या अल्बमसाठी इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात त्याचा ड्रमसेट जिन्याखाली मांडून वरून दोनच माईकांनी रेकॉर्ड केला होता. आवाजाला हवा लागते.

लातूर_रेकॉर्डिस्ट
तो जिना तीन मजली होता हो भाऊ! तिथं आवाजाला जायला जागा होती. वाकळ सिंबल अडवते हे खरं, पण ५६ हर्ट्झची लाट जवळजवळ २० फूट लांब असते. तिला वाकळेचा काय अडसर होणार?

धाराशिव_होमस्टुडिओ
सर, माझ्याकडं फक्त शूरचा एसएम५७ आहे. किकचा वेगळा माईक घ्यावाच लागेल का?

लातूर_रेकॉर्डिस्ट
घ्या, पण आधी ५७ वर ड्रम सुरात लावायला शिका. ५७ जवळ नेला की खालचा आवाज वाढतो, तरी किकच्या माईकएवढा खोल आवाज त्याला येत नाही. घ्यायचाच झाला तर एकेजीचा डी११२ किंवा शूरचा बीटा ५२ए बघा. ऑडिक्सच्या डी६ मध्ये मधला आवाज आधीच कापून येतो. तयार किक लगेच मिळते, पण नंतर बदलायला वाव कमी.

बीड_ऑर्केस्ट्रा
तुम्ही दोघंही भोक धरून बोलताय. आमच्या सेटच्या पुढच्या स्किनवर ऑर्केस्ट्राचं नाव रंगवलंय, मालक भोक पाडू देत नाही. मग आत माईक घालायचा कुठून?

नांदेडचा_ड्रमर
अशा वेळी बाहेरचाच माईक उपयोगी पडतो. ठोका कमी वाटला तर दुसरा माईक पेडलच्या बाजूनं, बीटरपासून वीतभर बाजूला लावा. पेडलला आधी तेल घाला, नाहीतर कुईकुई रेकॉर्ड होते. अन् त्या माईकचं फेज, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटं करा. ठोका पडला की मागची स्किन त्याच्यापासून लांब जाते अन् पुढची स्किन समोरच्या माईककडं येते. तसेच मिसळले तर दोघांचा खालचा आवाज एकमेकांना खातो.

परभणी_की_प्लेअर
एवढा खटाटोप कामून? सगळ्या कार्यक्रमात ऑक्टोपॅड, म्हणजे काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड चालतो. तीच किक गाण्यात घ्या, मोकळे व्हा.

बीड_ऑर्केस्ट्रा
स्टेजवर चालतो, कबूल. पण भीमगीतात कोरस उचलून धरतो तिथं ड्रमरचा पाय आपोआप जड पडतो, कडव्यात हलका होतो. पॅडवर तो फरक पुरता उतरत नाही. गायकसुद्धा खऱ्या ड्रमवर वेगळा गातो, हे मी रोज बघतो.

तुळजापूर_संबळ
आमच्या बाजूनंही सांगतो. देवीच्या गाण्यात संबळ अन् किक एकत्र असतात. किक लांबली की संबळाचा खालचा आवाज तिच्याखाली गाडला जातो. म्हणून मला आखूड किक पाहिजे, लातूरवाल्या दादांच्या बाजूनं माझं मत.

नांदेडचा_ड्रमर
पण संबळ काठीनं वाजतो ना? आतल्या माईकची किक म्हणजे वरची टकटक, ती संबळाच्या काठीवरच जाऊन आदळते. बाहेरच्या माईकची गोल किक खाली बसते अन् वरची जागा संबळाला मोकळी राहते. लांबी कमी करायला गेट आहे, ठोक्यामागं रेंगाळणारा आवाज तो बंद करतो.

खोलीचं म्हणाल, तर १० फुटी भिंतींच्या बरोब्बर मध्ये किक मांडा. त्या घुमण्याचा जोर भिंतीपाशी असतो, मध्यावर जवळजवळ शून्य.

लातूर_रेकॉर्डिस्ट
मध्यावर मांडायचं बरोबर आहे, मीही तसंच मांडतो. पण स्लॅबची उंचीही १० फूटच आहे. फरशी अन् स्लॅबमध्ये तेच ५६ हर्ट्झ घुमतं, अन् किक बसते फरशीवर, जिथं त्याचा जोर सगळ्यात जास्त. ड्रम अधांतरी टांगता येत नाही. शिवाय भिंतींचंच दुसरं घुमणं, ११२ हर्ट्झचं, नेमकं मध्यावर जोर धरतं.

नांदेडचा_ड्रमर
उंचीचा मुद्दा मान्य. तरी मी बाहेरचा माईक काढणार नाही. त्याच्या ट्रॅकवर ५६ ला अरुंद कट देतो, आतल्या ट्रॅकला हात लावत नाही. दोन माईकांत दीड फुटाचं अंतर असेल तर बाहेरच्या माईकात आवाज उशिरा पोचतो म्हणून तो ट्रॅक साधारण १.३ मिलिसेकंद आधी आणतो. मग मिक्समध्ये आतला पूर्ण अन् बाहेरचा त्याच्या खाली, नुसता जाणवेल एवढा.

लातूर_रेकॉर्डिस्ट
कट दिल्यावर त्या ट्रॅकवर खाली काय उरतं ते ऐकायचंय मला. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे पाठवा, इक्यू न लावता. संबळाच्या गाण्याचेच पाठवा.