शेवटच्या सभासदाबरोबर संघटना मिटवणं बरोबर होतं का?

रानवाटा: अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर उत्तरेकडच्या माजी सैनिकांनी १८६६ मध्ये इलिनॉयमधल्या डेकेटर गावी ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ काढली. पुढाकार पलटणीत डॉक्टर असलेल्या बेंजामिन स्टीफन्सन यांचा. सभासद कोण? १८६१ ते १८६५ च्या लढाईत उत्तरेच्या लष्करात किंवा आरमारात असलेला, सेवेतून सन्मानाने सुटलेला आणि देशाविरुद्ध कधीच शस्त्र न धरलेला. १८९० च्या सुमारास सभासद चार लाखांवर गेले, तरी अट ढिली केली नाही. १९५६ मध्ये शेवटचे सभासद अल्बर्ट वूलसन वारले आणि संघटना संपली. मला हे अगदी योग्य वाटतं. ज्यांनी भोगलं त्यांच्या नावाने दुसऱ्यांनी का बोलावं?

माळरान७२: साफ असहमत. १८९० चा पेन्शन कायदा झाला तो याच संघटनेच्या दबावामुळे. आठच वर्षांनी स्पेनशी युद्ध झालं. तिकडून आजारी होऊन परतलेल्या सैनिकांना औषधपाणी आणि पेन्शनसाठी हाच आधार हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून त्यांनी १८९९ मध्ये ओहायोतल्या कोलंबसला आपली वेगळी संघटना उभी केली. परदेशी युद्धांत लढलेल्या माजी सैनिकांच्या आजच्या ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’ या संघटनेचं मूळ तिथे आहे. तेही सैनिकच होते ना? त्यांनीही भोगलंच होतं.

रानवाटा: होते, पण ते युद्ध वेगळं. गुलामगिरी मोडणाऱ्या लढाईची आठवण इतर लढायांत मिसळून पातळ झाली असती. या सैनिकांच्या मुलांसाठी १८८१ पासून निराळी संघटना होतीच.

शुभदा_क: तुम्ही दोघं वरच्या अटीवरच भांडताय. खरी मेख शाखेच्या दारात होती. नव्या माणसावर गुप्त मतदान व्हायचं, आणि नकाराच्या काळ्या गोट्या पडल्या की तो बाहेर. कृष्णवर्णीय सैनिकांना हे अनेक ठिकाणी भोवलं.

रानवाटा: खरं आहे, आणि ते लाजिरवाणंच. पण १८९१ च्या डेट्रॉइट अधिवेशनात दक्षिणेतल्या गोऱ्या सभासदांनी कृष्णवर्णीयांचे विभाग वेगळे करण्याची मागणी केली, ती फेटाळली गेली. पुरुषाच्या वेशात लढलेल्या सारा एडमंड्स यांनाही १८९७ मध्ये ह्यूस्टनच्या शाखेने सभासद करून घेतलं. लष्करातली चाकरी हाच निकष होता, म्हणूनच हे घडू शकलं.

शुभदा_क: ठराव फेटाळला, पण दक्षिणेत शाखा बहुतेक वेगळ्याच राहिल्या. निकषाचं श्रेय घेता, तर त्या शाखांचा हिशोबही द्या.

माळरान७२: आणि स्पेनच्या युद्धातल्या १८९८ वाल्यांचाही.