घरात चार बेस गिटार असताना १९७८ चा फेंडर प्रिसिजन घ्यावा का?

मंद्रसप्तक:
मंडळी, तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितो. माझ्याकडे चार बेस आहेत. मेक्सिकोत बनलेला जॅझ बेस, पाच तारांचा यामाहा, एक फ्रेटलेस (नेकवर, म्हणजे मानेवर, फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या नसलेला) आणि कॉलेजात घेतलेला पहिला साधा बेस, जो मी कधीच विकणार नाही. महिन्याला दोन-तीन गिग होतात, गणपतीत आणि डिसेंबरात जास्त, बाकी नोकरी. आता माहीमला एक अंकल आहेत, ऐंशीच्या आसपास वय, मूळचे गोव्याचे, आधी जहाजावरच्या बँडमध्ये होते, मग मुंबईत हॉटेलात वाजवलं आणि थोडीफार रेकॉर्डिंगही केली. त्यांच्याकडे १९७८ चा फेंडर प्रिसिजन आहे, जहाजावर असतानाच परदेशात नवा घेतलेला, तेव्हापासून मालक एकच. आता बोटं वळत नाहीत म्हणून द्यायचाय. दोन लाख चाळीस हजार सांगतायत.

मी अर्धा तास वाजवला. अॅम्प लावायच्या आधीच मोकळी ई तार वाजवली तर लाकडाची थरथर बरगडीला लागली. पहिल्या पाच फ्रेटच्या मधे नेकवरच्या शिसवीच्या पट्टीवर बोटांचे खळगे पडलेत, अंगठा टेकतो तिथे पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) घासून गुळगुळीत झालंय आणि माझा अंगठा आपोआप तिथेच जाऊन बसला. मला वाटतं घ्यावा. वाजवणाऱ्याचं वाद्य वाजवणाऱ्याकडेच जावं असं माझं मत आहे. पण रक्कम मोठी आहे, म्हणून ज्यांना पटत नाही त्यांचं आधी ऐकायचंय.

खर्जातली:
मला पटत नाही, सरळ सांगते. पंधरा वर्षं रेकॉर्डिंगच्या काचेपलीकडे बसतेय. तुम्हाला जो आवाज हवाय तो फ्लॅटवाउंड (वरचं वेटोळं सपाट असलेल्या) तारा, बोटं आणि वाजवायची जागा यातून येतो, लाकडाच्या वयातून नाही. जेम्स जेमरसनचं उदाहरण घ्या, डेट्रॉइटमधे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमधे ज्याचा बेस ऐकून पुढच्या सगळ्यांनी बेस शिकला तो माणूस. त्याचा प्रिसिजन १९६२ चा, त्यावर जाडजूड फ्लॅटवाउंड तारा ज्या तो तुटल्याशिवाय बदलायचा नाही, ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोम, आणि उजव्या हाताचं एकच बोट. आता हिशोब करा, साठच्या दशकाच्या मधे ती गाणी झाली तेव्हा तो बेस दोन-चार वर्षांचा होता. म्हणजे नवाच! आपण आज ज्याला व्हिंटेज साउंड म्हणतो तो नव्या बेसवर जुन्या तारा लावून झालेला आहे. तुमच्या पहिल्या साध्या बेसवर फ्लॅटवाउंडचा सेट चढवा, ब्रिजपाशी स्पंजचा तुकडा ठेवा आणि महिनाभर वाजवा. पाच-सहा हजारात काम होतंय.

मंद्रसप्तक:
ताई, जेमरसनचं हे गणित मी कधी केलंच नव्हतं, मान्य. पण मी फक्त रेकॉर्डमधला आवाज शोधत नाहीये. हातात घेतल्यावर मी वेगळं वाजवायला लागलो. कमी सूर घेतले, जास्त वेळ धरले. माझ्या जॅझवर मी असा वाजवत नाही.

खर्जातली:
नवीन वाद्य हातात आलं की पहिला अर्धा तास प्रत्येकजण वेगळा वाजवतो. सहा महिन्यांनी तुम्ही परत तुमच्यासारखेच वाजवाल.

सोल्डरची_तार:
मी दुरुस्तीची कामं करतो त्यामुळे भावना बाजूला ठेवून बोलतो. पहिली गोष्ट, १९७८ म्हणजे फेंडरचा सुवर्णकाळ नाही. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली, त्यानंतर उत्पादन वाढत गेलं आणि सत्तरच्या दशकात काम ढिलं झालं, म्हणजे नेक जिथे बॉडीत बसतो तिथे फट, वरून पॉलिएस्टरचा जाड थर, आणि अॅश लाकडाची बॉडी असेल तर वजन साडेचार किलोच्या वर सहज. त्याच काळात एकदम छानही निघालेत, मी स्वतः दोन वाजवलेत, पण त्या सालाचा म्हणून चांगला असं धरून चालू नका, समोरचा एक नग बघा. दुसरी गोष्ट, त्या वेळच्या प्रिसिजनला ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा) नट बॉडीकडच्या टोकाला असतो. म्हणजे जुलैत हवा दमट झाली, नेकने बाक घेतला, की तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक बाहेर घ्या, पाव आटा फिरवा, परत बसवा, परत तारा चढवा, आणि बघा तर अजून पाव आटा हवाच असतो. मुंबईत पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हे ठरलेलं. तो रॉड पंचेचाळीस वर्षांत कोणी जास्त आवळला असेल तर खेळ खलास. तोच आधी तपासा.

आणि नग खरा आहे का तेही बघा. १९७६ पासून सीरियल नंबर हेडस्टॉकवर (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकावर) आला, एस७ किंवा एस८ ने सुरू व्हायला हवा. पिकगार्ड उघडून पॉटवरचा (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागावरचा) कोड वाचा, १३७ ने सुरू होत असेल तर सीटीएस कंपनीचा, पुढचे दोन आकडे साल आणि त्यापुढचे आठवडा. सोल्डर आधी कोणी छेडलंय का तेही लगेच कळतं.

गिरगावचा_ठेका:
मी साठी पार केलेला माणूस आहे, माझं थोडं ऐका. ऐंशीच्या दशकात आम्ही ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा बाहेरचं वाद्य मिळणं म्हणजे काय होतं हे आज सांगून खरं वाटणार नाही. आयातीवर निर्बंध, वर ड्युटी, त्यामुळे आणायचं ते जहाजावरच्या किंवा विमान कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून. बेसच्या तारांचा एक सेट वर्षभर पुरवायचा, मेल्या की काढून पातेल्यात उकळायच्या, पुसून परत लावायच्या, दोन आठवडे पुन्हा जीव यायचा. आमच्या ग्रुपमधे एकच चांगला बेस होता आणि तो तीन जणांत फिरायचा.

पंचमदांच्या रेकॉर्डिंगमधे टोनी वाझ यांचा बेस ऐकत आम्ही मोठे झालो. अशी कितीतरी गोव्याची मंडळी होती, हॉटेलात रात्री वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत. त्यांची वाद्यं कुठे गेली? बरीचशी मुलं परदेशी गेल्यावर विकली गेली, काही माळ्यावर गंजली. हा बेस डीलरच्या हातात गेला तर परत देशाबाहेर जाणार, हे मी दोनदा बघितलंय. मंद्रसप्तक, तू वाजवणारा आहेस, पैसे जमत असतील तर घे. तुझे चार आहेत की चौदा हा प्रश्नच नाही इथे.

आणि त्या शिसवीचं म्हणशील तर साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरने ब्राझिलियन रोझवूड सोडून भारतीय शिसव वापरायला घेतला. म्हणजे ते लाकूड आपल्याकडूनच गेलेलं असणार. मला ही गोष्ट फार आवडते.

पाचवा_फ्रेट:
काका, आदर ठेवून बोलतो पण चार आहेत की चौदा हाच खरा प्रश्न आहे. मी तेवीस वर्षांचा आहे. तीन वर्षं मित्राचा बेस मागून मागून वाजवला, स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो म्हणाला मला लागणार आहे, आणि मी स्टेजवर गेलो नाही. मग ट्यूशन घेऊन चौदा हजाराचा घेतला. माझ्या ओळखीत किमान तीन मोठी मंडळी आहेत ज्यांच्या घरी बेस केसमधे पडून आहेत, वर्षातून एकदा पुसायला काढतात. वाजवणाऱ्याचं वाद्य वाजवणाऱ्याकडे जावं असं दादा म्हणतात ना, मग तो नियम घरातल्या चारांनाही लागू होतो. फ्रेटलेस शेवटचा कधी वाजवलात दादा? खरं सांगा.

मंद्रसप्तक:
गेल्या वर्षी मार्चमधे. आणि तेही घरीच.

तुझं लागलं मला. दोन दिवस उत्तर लिहीत होतो आणि खोडत होतो कारण माझ्याकडे याला उत्तर नाही. यामाहा आणि फ्रेटलेस दोन्ही काढतोय. यामाहा एका नवीन मुलीला देतोय, आमच्याच सोसायटीत राहते, शिकतेय, ती जमेल तसे पैसे देईल. फ्रेटलेसला गिऱ्हाईक बघतोय, पण वाजवणाराच हवा. त्यातून सगळी रक्कम उभी राहणार नाही हे मला माहितीये, उरलेली दोन वर्षांच्या बचतीतून जाईल. बायकोशी नीट बसून बोललो, कर्ज काढायचं नाही एवढं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

पाचवा_फ्रेट:
मग माझा विरोध नाही. फ्रेटलेस काय भावात देताय तेवढं मेसेज करा.

खर्जातली:
माझा आहे अजून. दोन काढून एक घेतलात हे चांगलंच, पण अडीच लाखाचं वाद्य तुम्ही गणपतीच्या मंडपात नेणार का? भर पावसात, ताडपत्री गळतेय, शेजारी जनरेटर, स्टँडला कोणाचाही धक्का लागतो. नेणार नसाल तर तो घरी राहील, गिगला जॅझच जाईल, आणि वर्षभराने हा मुलगा तुम्हाला तोच प्रश्न परत विचारेल.

मंद्रसप्तक:
नेणार. अंकल चाळीस वर्षं तोच घेऊन लोकलने फिरले, तर मी गाडीतून नक्की नेऊ शकतो. मंडपात छप्पर बघून.

रविवारी परत जातोय, सोल्डरची_तार सोबत येतायत, नेक काढून रॉड बघणार, पॉटचे कोड वाचणार. अंकलना फोनवर सांगितलं की स्क्रू काढावे लागतील, चालेल का. म्हणाले काढ, पण तारा बदलू नकोस. त्या तारा त्यांनी बोटं बिघडायच्या आधी शेवटच्या लावलेल्या आहेत. सौदा झाला तरी निदान महिनाभर त्याच ठेव म्हणाले.

खर्जातली:
त्या ठेवाच. आणि रविवारी जॅझ पण सोबत न्या, एकच ओळ दोन्हीवर वाजवून फोनवर रेकॉर्ड करा, कुठला कुठला ते न सांगता मला पाठवा. मी माझं मत ऐकल्यावर बदलेन, आत्ता नाही.

सोल्डरची_तार:
तारा ठेवायच्या तर सैल करताना खुंटीवरून पूर्ण उतरवू नका, नेकवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून एकत्र बांधून ठेवू. जुन्या तारा खुंटीच्या वळणापाशी तुटतात. रविवारी दहाला माहीम स्टेशन, पश्चिमेला.