सहकाऱ्याच्या सादरीकरणावर कामाचा अभिप्राय कसा द्यायचा?

तिसरा बाक:
परिषदेआधी गटात रंगीत तालीम होते: १२ मिनिटं सादरीकरण, ३ मिनिटं प्रश्न. मग सगळे "छान झालं, स्लाइड जरा भरगच्च होत्या" म्हणून उठतात. बोलणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ऐकताना नेमकं काय टिपायचं? विषय आपला नसेल तर बोलावं का?

लाल पेन:
आधी स्लाइडवर क्रमांक टाकायला लावा, नाहीतर "तो निळा आलेख होता ना, त्याच्या आधीचा" यातच वेळ जातो. प्रत्येक नोंदीपुढे क्रमांक लिहा आणि उपाय सुचवण्याआधी ऐकताना काय झालं ते सांगा. "७ सोपी करा" म्हणण्यापेक्षा "७ वर उभ्या अक्षाला एकक नव्हतं, ते शोधेपर्यंत पुढची दोन वाक्यं हुकली" हे उपयोगी. एरर बार, म्हणजे आलेखातल्या आकड्यांची अनिश्चितता किंवा पसारा दाखवणाऱ्या छोट्या रेघा, हमखास तपासा. ते स्टँडर्ड डेव्हिएशनचे (आकडे किती विखुरलेत) आहेत की स्टँडर्ड एररचे (सरासरी किती अनिश्चित आहे), हे लिहिलेलंच नसतं. दुसरे नेहमी आखूड दिसतात, त्यामुळे तेच आकडे जास्त खात्रीचे वाटतात.

शून्य गृहीतक:
विषय आपला नसेल तर जरूर बोला. सादरीकरण संपल्याबरोबर, चर्चा सुरू व्हायच्या आत, प्रत्येकाने मुख्य दावा एका वाक्यात लिहायचा. पाच जणांची पाच वेगळी वाक्यं निघाली तर रंगसंगतीवर बोलण्यात अर्थ नाही. दावा कुठे सांगितलाय ते बघा. बऱ्याचदा तो शेवटच्या मिनिटात घाईघाईने उरकलेला असतो.
आणि लाल पेन, चाळीस नोंदी वाचून दाखवू नका हो! तीन बोला, बाकीच्या कागदावर द्या.

खडू-फळा:
दिवस किती उरलेत तेही बघा. आठवडा असेल तर क्रम, विश्लेषण, सगळ्यावर बोला. आदल्या संध्याकाळी क्रम बदलायला लावला तर माणूस मंचावर अडखळतो. तेव्हा फक्त वेळ, आवाज आणि चुकलेला आकडा. नोंदी तिसऱ्याच कुणीतरी घ्याव्यात. बोलणाऱ्याने त्या वेळी उत्तरं द्यायची नाहीत, नाहीतर अभिप्रायाची तोंडी परीक्षा होते.

तिसरा बाक:
आधी गोड, मध्ये कडू, शेवटी गोड, ही पद्धत चालते?

लाल पेन:
त्यात कडू गोळी गुळातच हरवते. कौतुकही क्रमांकासकट करा: "४ वरचं उदाहरण ठेवाच, पद्धत तिथेच कळली." हे सांगितलं नाही तर १२ मिनिटांत बसवताना नेमकं तेच उडतं.