मदत हवी आहे: भावाला दुसऱ्या वसतिगृहात हलवत आहेत, शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे

सरकी (सोमवार, रात्री १०:५२)
नमस्कार. घाईत लिहिते आहे, शुद्धलेखन पाहू नका. भाऊ ज्या संस्थेत राहतो तिथून आज फोन आला. निवासी विभाग दिवाळीनंतर बंद, सगळ्यांना संस्थेच्या पुसदकडच्या शाखेत नेणार. संमतीपत्र व्हॉट्सॲपवर टाकलं आहे, शुक्रवारच्या आत सही करून द्या म्हणतात. नाही दिली तर "तुमचं पेशंट तुम्ही घेऊन जा." आम्ही दर्यापूर तालुक्यातले. आज तो आईच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिकडे गेला की आईचं एका दिवसात जाऊन येणं होणार नाही. हे थांबवता येतं का? अर्ज कोणाकडे करायचा एवढंच सांगा.

पऱ्हाटी (११:१५)
वय किती? अपंगत्व कोणतं? संस्था अनुदानित की विनाअनुदानित? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार ताई.

सरकी (११:१९)
मतिमंद आहे, लिहिलं ना वर. वय ३४. अनुदानाचं मला कसं माहीत असणार.

अवकाळी (११:२१)
वर कुठंच नाही लिहिलेलं.

बडनेरा_पॅसेंजर (११:३०)
आता तो शब्द वापरत नाहीत. बौद्धिक अक्षमता किंवा दिव्यांग म्हणावं. आपणच बदललो नाही तर समाज कसा बदलेल?

सरकी (११:३३)
दादा, सिव्हिल सर्जननं सर्टिफिकेटवर जे लिहून दिलं तेच लिहिलं. शुक्रवार जवळ येऊन राहिला आहे.

गावरान_तूर (मंगळवार, सकाळी ६:१०)
मले एक सांगा, माय हाय, बहीण हाय, मंग पोराले घरी कायले नाही आनत? आमच्या काकाचा पोरगा असाच होता, घरातच वाढला, ढोरं चारायचा, कोनाले तरास नाही.

सरकी (सकाळी ७:४५)
वाटच पाहत होते याची. आई ७१ वर्षांची, गुडघे गेलेले. माझं सासर अंजनगावकडे, तीन एकर कोरडवाहू, सासू अंथरुणाला. भावाला मिरगी आहे. घरी होता तेव्हा फिट येऊन विहिरीच्या काठावर सापडला होता, आई शेजारच्या वावरात निंदत होती. नऊ वर्षं झाली संस्थेत. तिथं खडू करतो, फुलवाती वळतो. पोळ्याला घरी येतो, बैलाच्या शिंगांना बेगड त्यानंच लावायची असते. गेल्या वर्षी नुसती खोली बदलली तर चार दिवस जेवला नव्हता. म्हणून विचारते आहे.

गावरान_तूर (८:०२)
मिरगीचं आधी सांगायचं ना ताई. माफ करा.

शेंदूरजना_संत्री (९:२०)
वझ्झरला शंकरबाबा पापळकरांकडे चौकशी करा. दर्यापूरहून लांब नाही. २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेला माणूस, देवमाणूस आहे.

अवकाळी (९:४१)
अहो, ते बालगृह बेवारस मुलांसाठी आहे. ह्यांच्या भावाला आई आहे. उलट बाबांचं भांडण काय आहे ते समजून घ्या: अठरा पूर्ण झालं की दिव्यांग अनाथाला बाहेर काढायचं, तर तो जाणार कुठं? आयुष्यभर त्याच छपराखाली राहू द्या, असा कायदा ते कधीपासून मागतात.

ढेपवाला (९:५५)
आयडी पाहून सरकी ढेपेचा भाव असेल म्हणून धागा उघडला. चालू द्या.

काळा_कोट (१०:३०)
वकिली करतो, म्हणून मुद्द्याचं बोलतो. सही करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ५: दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, ठराविकच ठिकाणी राहण्याची सक्ती त्याच्यावर नसावी. संस्थेला साध्या कागदावर लेखी कळवा की आम्हाला कारण आणि मुदत हवी. त्याची पोच घ्या. प्रत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्याला आणि पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांना स्पीड पोस्टानं. वकिलाला पैसे देऊ नका (हे मीच सांगतो आहे). विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका कोर्टातच समिती असते.

पऱ्हाटी (१०:४८)
साहेब, कलम ५ पूर्ण वाचा. शासन तसा "प्रयत्न करील" असं आहे. त्याच्यावर उद्या स्टे मिळेल या भरवशावर ताईंना बसवू नका. मी अशा एका संस्थेत बारा वर्षं काळजीवाहक होतो. पालक भांडले की राग मुलावर निघतो. फार नाही, पण निघतो. आधी संस्थाचालकाला भेटा, गोड बोला.

काळा_कोट (१०:५५)
गोड बोलून पोच मिळत नाही. आणि राग मुलावर निघत असेल तर ती वेगळी तक्रार आहे, तिचाही अर्ज करून देतो.

पऱ्हाटी (११:०१)
अर्ज तुम्ही कराल, रात्री तिथं झोपायचं त्याला आहे.

बडनेरा_पॅसेंजर (११:२०)
बच्चूभाऊ कडूंना भेटा. दिव्यांगांचं वेगळं मंत्रालय २०२२ मध्ये झालं ते कोणामुळे?

शेंदूरजना_संत्री (११:२४)
मंत्रालय मुंबईत झालं भाऊ, मुलगा दर्यापुरात आहे.

(यावर अकरा प्रतिसाद राजकारणाचे झाले, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

नागपुरी_पोहा (दुपारी १:१५)
नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात विचारून पाहा. सरकारी आहे, फुकट आहे.

काळा_कोट (१:२२)
मतिमंदत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं व्याख्येतच ते वगळलं आहे. माणसाला नको तिथं पाठवू नका.

वर्धा_काकू (२:४०)
ताई, माझी मुलगी २९ ची, तिला हेच आहे, म्हणून एक विचारते. भावाचा कायदेशीर पालक कोण? आई असं म्हणू नकोस. अठरा झाल्यावर आईबापही आपोआप पालक राहत नाहीत, आम्हालाही ते बँकेत गेल्यावर कळलं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली कलेक्टर ऑफिसात स्थानिक स्तर समिती असते, कलेक्टर अध्यक्ष. कलम १४ चा अर्ज तिथं करायचा, आई करू शकते, तूही करू शकतेस. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता, या चारच गोष्टींना तो कायदा आहे. तुझा भाऊ त्यात बसतो. आणि नीट ऐक, नोंदणीकृत संस्थासुद्धा पालकत्व मागू शकते. प्रवेशाच्या वेळी आईनं कशावर सही केली होती?

सरकी (रात्री ८:१०)
काकू, पोटात गोळा आला वाचून. आईला विचारलं. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली होती म्हणते. झेरॉक्स नाही.

काळा_कोट (८:२५)
घाबरू नका. पालकत्व स्टॅम्प पेपरवर मिळत नसतं, ते समिती नाहीतर कोर्ट देतं. तो प्रवेशाचा बाँड असेल. तरी त्याची प्रत त्याच अर्जात मागा.

वर्धा_काकू (८:३१)
आणि संस्थेनं कधी समितीपुढे अर्ज केला होता का, तेही कलेक्टर ऑफिसात विचारून ये. फोनवर सांगत नाहीत, जाऊनच ये.

निवृत्त_लेखनिक (९:१५)
विषयाला सोडून विचारतो. आपले वडील कोणत्या खात्यात होते?

सरकी (९:१८)
झेडपीत शिक्षक होते. वारले. त्याचा काय संबंध?

निवृत्त_लेखनिक (९:४०)
संबंध आहे. सध्या आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल. आईच्या पश्चात ते स्वतः कमवू न शकणाऱ्या मतिमंद अपत्याला हयातभर मिळतं, वयाची अट त्याला लागू नाही. पण त्याचं नाव आईच्या हयातीतच नोंदवून ठेवा. नंतर बहिणीनं खेटे घालण्यात वर्षं जातात, मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलेलं आहे. रक्कम पालकाच्या मार्फत निघते, म्हणजे काकूंनी सांगितलेला कागद इथंही लागणारच.

अवकाळी (९:५२)
ताई, घरात कोणी सांगितलंच नव्हतं का हे?

सरकी (९:५८)
नाही. आम्ही निराधारच्या पैशांसाठी तहसीलला चकरा मारत होतो.

पऱ्हाटी (१०:२०)
उद्या जाता तेव्हा ह्या गोष्टी विचारा, भांडण न करता. निवासी विभाग बंद का होतो: इमारत, पैसा, की नोंदणी गेली? नोंदणी रद्द झाली असेल तर मुलांना घरी द्यायचं की दुसऱ्या संस्थेत हलवायचं हे शासनाचा सक्षम अधिकारी ठरवतो, संस्था नाही. दिवसाची कार्यशाळा सुरू राहणार का? राहणार असेल तर जवळपास राहण्याची सोय शोधता येते. मिरगीच्या गोळ्या कुठून येतात? तिकडे कोण देणार? आणि एक राहिलंच. त्याला कोणी विचारलं का?

सरकी (१०:२४)
कोणाला?

पऱ्हाटी (१०:२५)
भावाला.

सरकी (बुधवार, रात्री ९:०५)
जाऊन आले. लिहिते सगळं, फोन चार्जिंगला लावून.
अर्ज दिला. मॅडम पोच द्यायला तयार नव्हत्या, मग माझ्या प्रतीवर शिक्का मारला, सही नाही. चालेल का वकीलसाहेब? इमारत धोकादायक ठरली आहे म्हणतात, तसा कागद दाखवला नाही. दिवसाची कार्यशाळा सुरूच राहणार आहे! हे फोनवर सांगितलंच नव्हतं. संमतीची मुदत महिन्यानं वाढवली, तोंडी. गोळ्या अमरावतीच्या सरकारी इर्विन दवाखान्यातून येतात, पुढचं त्यांनाही माहीत नाही.
भावाला विचारलं. पुसद म्हटल्यावर हसला. मग म्हणाला, "यष्टी येते का तिथं?" येते म्हटलं. "आपली?" म्हणजे आमच्या गावावरून जाते ती. नाही म्हटलं. मग त्यानं पिशवीतली चप्पल काढून पलंगाखाली ठेवली आणि फुलवाती वळायला गेला.

बडनेरा_पॅसेंजर (९:२०)
एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, कार्ड काढलं का?

अवकाळी (९:२२)
सवलत नाही हो, त्याला गाडी पाहिजे.

काळा_कोट (९:३०)
शिक्का चालेल. मुदतवाढ लेखी करून घ्या, "आपण आज तोंडी सांगितल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून तुम्हीच पत्र पाठवा. आणि भाऊ जे बोलला ते जसंच्या तसं, तारीख टाकून समितीच्या अर्जात लिहा. कलम ५ बद्दल पऱ्हाटीभाऊंचं म्हणणं खरं आहे, एकट्या त्याच्यावर स्टे मिळायचा नाही. पण कलेक्टरपुढे हे वाक्य वाचलं जाऊ द्या.

पऱ्हाटी (९:४४)
कार्यशाळा सुरू राहते म्हणजे प्रश्न फक्त रात्रीचा उरला. तिथल्या आणखी किती मुलांचे आईबाप जवळपासचे आहेत? चार-पाच घरं मिळून गावात एक खोली आणि एक काळजीवाहक, असं आम्ही करून पाहिलं होतं. सोपं नाही. मिरगीचा मुलगा असेल तर रात्री जागा माणूस लागतो. पण निवृत्तिवेतनाचं जमलं तर पुढं त्याचा वाटा तोच भरेल.

सरकी (१०:०२)
सात जण आहेत दर्यापूर-अंजनगावचे. नंबर दोघांचेच आहेत, बाकीचे उद्या घेते. लेखनिक काका, वडिलांच्या पेन्शनची ऑर्डर सापडत नाही, घर गळत होतं त्यात भिजली असेल. दुसरी प्रत कुठून मिळते?

निवृत्त_लेखनिक (१०:१५)
आधी पेन्शन जमा होतं त्या बँकेत विचारा, नंबर त्यांच्याकडे असतो. मग पंचायत समितीत. आईला सोबत न्या, आणि जाताना तिचा हयातीचा दाखला घेऊनच जा.