भुताच्या नाटकासाठी मराठी फाँट हवाय, पण पोरं हसली पाहिजेत

व्हाळकाठची:
मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत पोरांचं नाटक होतं. यंदाचं नाव 'व्हाळातला गिऱ्हा', म्हणजे ओढ्यातलं पाण्याचं भूत. बॅनरवर हाताने रंगवल्यासारखी अक्षरं हवीत. वेडीवाकडी, ओघळ आलेली, भुताटकीची. पण बालवाडीतली पोरं रडायला नकोत. इंग्रजीत असले फाँट ढिगाने आहेत, त्यात मराठी टाईप केलं की नेहमीचीच सरळसोट अक्षरं उमटतात. वर गिऱ्हाचं 'गिर्हा' होतं. कुणी सुचवेल का?

कोरलवाला:
त्या फाँटांत देवनागरी नसतेच, म्हणून कॉम्प्युटर गुपचूप दुसरा फाँट लावतो. 'यात्रा वन' बघा, मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. 'मोदक' गुबगुबीत आहे, त्यात भूतही गोड वाटेल. दोन्ही गूगल फाँट्सवर फुकट. आणि साधा र नको, खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त आणि ह.

होडीपेंटर:
ताई, एका नावासाठी फाँट कशाला? मालवणात होड्यांवर नावं रंगवत आयुष्य गेलं माझं. तुमच्या नावात चार काने आहेत. फाँटाने चारही कान्यांना एकाच मापाचा ओघळ दिला तर भूत कसलं, सरकारी फॉर्म वाटेल.

ब्रश उचलताना रंग कान्याच्या टोकाला साचतो, खरा ओघळ तिथूनच सुटतो. मान बारीक, खाली थेंब जाड. एक लांब, एक आखूड, एखाद्याला नाहीच. ओघळाला वळण मात्र देऊ नका. त च्या दांड्याखाली जरा वळला की उकार झाला, 'व्हाळातुला' वाचतील लोक.

भीती आणायला वरची रेघ तोडतात, तेही नको. म चा माथा फुटला की भ, घ चा फुटला की ध. 'भुताचं धर' लिहिलेला बॅनर मी डोळ्यांनी बघितलाय! रेघ वाकडी चालेल, अखंड ठेवा.

हसू हवं तर ळ आहे ना. दोन गोल आयतेच मिळालेत, त्यात बुबुळं काढा, एक मोठं, एक बारीक, दोन्ही आतल्या बाजूला बघणारी. दशावतारातला संकासुर आठवा, पोरं त्याला घाबरतात नि त्याच्याच मागे धावतात.

व्हाळकाठची:
काका, ळ चे डोळे ठरले! पण फ्लेक्सवाला फाईल मागतो.

होडीपेंटर:
पांढऱ्या कार्डशीटवर काळ्या पोस्टर कलरने रंगवा. अंगणातल्या उजेडात बरोबर वरून फोटो काढा, तिरका नको. पुढचं कोरलवाले भाऊ बघतील.

कोरलवाला:
बघतो की. ट्रेस करून, म्हणजे फोटोतल्या अक्षरांच्या कडा रेषांत बदलून, फाईल देतो. फक्त व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कडा फुटतात.