जगातला पहिला पायलट कोण? मुलीच्या भाषणासाठी मदत हवी

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे. शनिवारी चार मिनिटांचं भाषण, विषय ‘जगातला पहिला पायलट’. घरात तीन मतं पडलीत. दीर म्हणतात शिवकर बापूजी तळपदे, त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी. मला राईट बंधू ठाऊक, म्हणजे ते भाऊ होते आणि उडाले, एवढंच. सासरे म्हणतात, पायलट म्हणजे तिस्कावर पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल घेऊन भाड्याची वाट बघत उभा असतो तो, आपल्या गोव्यातला, आणखी कोण? पोरीला सनावळ्या पाठ करायच्या नाहीत, वर्गात काहीतरी करून दाखवायचं आहे. सुचवा.

निवृत्त मास्तर, डिचोली
तळपद्यांच्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. त्याच्याबरोबर ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चं, म्हणजे प्राचीन विमानांचं म्हणून सांगतात त्या ग्रंथाचं, नाव घेतात तो सांगून लिहवून घेतला विसाव्या शतकात, १८९५ च्या बऱ्याच नंतर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातली विमानं तपासली आणि ती उडणारी नाहीत असं स्पष्ट लिहिलं. भावोजींना वाद घालू द्या, भाषणात नको.

पिवळं मडगार्ड
सासऱ्यांना नमस्कार सांगा. मी तोच पायलट, फक्त म्हापशाचा. या धंद्यात येण्याआधी वडिलांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचो, म्हणून राईट बंधू मला शेजारचेच वाटतात. त्यांचंही अमेरिकेत डेटन गावात सायकलचं दुकान होतं.

उडायला बघणारे त्यांच्याआधी पुष्कळ होऊन गेले. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घेऊन टेकडीवरून दोनेक हजार वेळा उडाला. अंगाचा भार इकडेतिकडे करून तोल सांभाळायचा. ऑगस्ट १८९६ मध्ये तसाच पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. इतर बऱ्याच जणांच्या डोक्यात विमान म्हणजे होडी: आपोआप सपाट राहावं, वळायला मागे सुकाणू असलं की झालं.

राईट पडले सायकलवाले. सायकल आपोआप उभी राहत नाही, आणि वळताना ती झुकवावी लागते. हे मी रोज बघतो. पर्वरीच्या उतरणीवर मी डावीकडे झुकलो की मागे बसलेला नवखा पर्यटक घाबरून उजवीकडे कलतो, आणि गाडी वळायची सोडून सरळ जायला बघते. “बाबा, पोत्यासारखा बस,” एवढंच सांगतो मी.

पण हवेत झुकवायचं कसं? १८९९ च्या जुलैत थोरला भाऊ विल्बर दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. हातात सायकलच्या ट्यूबचा रिकामा, लांबट खोका. बोलता बोलता तो पिळला, आणि तिथेच उत्तर सापडलं. मुलीने हेच दाखवावं. टूथपेस्टचा रिकामा खोका घ्या, दोन्ही टोकांची झाकणं कापून टाका. त्यांच्या विमानाला एकावर एक असे दोन पंख होते, तसं वरची बाजू एक पंख, खालची दुसरा. आता दोन टोकं उलट दिशांना पिळा: एकीकडची पुढची कड वर जाते, दुसरीकडची खाली. कड वर, तिथे हवा जास्त उचलते. ती बाजू वर गेली की विमान दुसरीकडे झुकतं आणि तिकडे वळतं. खऱ्या विमानात चालवणारा पालथा झोपायचा, कंबर एका लाकडी चौकटीत. कंबर सरकवली की तारा ओढल्या जाऊन पंख पिळायचे.

बाकी सामानही आमच्याच धंद्यातलं. इंजिन एक, पंखे दोन, मध्ये साखळ्या. एक साखळी मुद्दाम आठाच्या आकड्यासारखी घातलेली, म्हणजे पंखे एकमेकांच्या उलट फिरावेत. शाफ्टवरची स्प्रॉकेटं, म्हणजे साखळीची दातेरी चाकं, सारखी ढिली व्हायची, ती शेवटी त्यांनी सायकलचा टायर चिकटवायच्या सिमेंटने बसवली. हे वाचून मी स्टँडवर एकटाच हसत बसलो होतो.

१७ डिसेंबर १९०३ ला धाकटा ऑर्व्हिल उडाला १२ सेकंद, १२० फूट. कदंबाच्या, म्हणजे आपल्या गोव्याच्या सरकारी, तीन बसगाड्या एकामागे एक लावल्या तर साधारण तेवढंच. चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद, ८५२ फूट. पण मला विचाराल तर २० सप्टेंबर १९०४ मोठा. त्या दिवशी विल्बरने हवेत पूर्ण गोल फेरी मारली. भाडं सोडून स्टँडवर परत येतो त्याला आम्ही पायलट म्हणतो.

वास्कोकार
गोव्यातलं भाषण आहे तर गागो कुतिन्यू आणि साकादुरा काब्राल या पोर्तुगीज उड्डाणवीरांना एक वाक्य द्या. माझे वडील सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, पोर्तुगीज शिकलेले, ही नावं त्यांच्या तोंडावर होती. १९२२ मध्ये दोघं लिस्बनहून रिओला समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने निघाले. विमानातून क्षितिज नीट दिसत नाही, म्हणून कुतिन्यूने सेक्स्टंटला, म्हणजे क्षितिजापासून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून आपली जागा काढायच्या यंत्राला, कृत्रिम क्षितिज जोडलं आणि त्यावर भर अटलांटिकमधले चिमुकले खडक बरोबर शोधले. उतरताना मात्र विमान बुडालं. दुसरंही गेलं. तिसऱ्याने पोचले, १७ जूनला. आणि शनिवारआधी जमलं तर पोरीला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात न्या. हल्लीचे पंख पिळत नाहीत, मागच्या कडेला हलणाऱ्या फळ्या असतात, त्या जवळून बघता येतील.

फोंडेकरीण
सगळ्यांचे आभार. दोन खोके फाटले, तिसरा जमला. ट्यूब अजून भरलेली असताना खोका का कापला म्हणून सासरे आधी रागावले, मग स्वतःच तासभर पिळत बसले. दीर अजून चौपाटीवरच आहेत.